खडीच्या ढिगाऱ्यातील निळे धन

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वाघोली हे गाव पुणेकरांना मुख्यतः दोन गोष्टींमुळे परिचित आहे. एक, तेथील दगडखाणी आणि खडीची यंत्रे. दुसरी, त्याच खडीतून उभी राहिलेली इमारतींची दाटी. २०२१ मध्ये हे गाव पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाले आणि त्याचे गावपण जवळजवळ संपुष्टात आले. परंतु जगात असेही लोक आहेत की, ज्यांना पुणे शहर नकाशावर कदाचित दाखविता येणार नाही, पण वाघोली हे नाव मात्र त्यांच्या तोंडी आहे. हे लोक खनिजांचे संग्राहक होत. अमेरिकेत, जर्मनीत वा जपानमध्ये काचेच्या कपाटात ठेवलेल्या एका गर्द निळ्या स्फटिकाखालच्या चिठ्ठीवर 'वाघोली, पुणे जिल्हा, महाराष्ट्र' अशी नोंद असते. त्या स्फटिकाचे नाव कॅव्हन्साइट. महाराष्ट्रातील किती शिक्षकांनी, किती विद्यार्थ्यांनी तो पाहिला आहे, हा प्रश्न विचारला तर उत्तर सुखावह येणार नाही.

कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या तीन मूलद्रव्यांच्या नावांचे तुकडे जोडून कॅव्हन्साइट हे नाव तयार झाले. यांपैकी व्हॅनेडियम हे नावही मौजेचे आहे. या मूलद्रव्याच्या संयुगांचे रंग इतके मोहक असतात की, १८३० मध्ये सेफस्ट्रोम या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्यास उत्तरेकडील पुराणकथांतील सौंदर्यदेवतेचे नाव दिले. कॅव्हन्साइटचा निळा रंग या व्हॅनेडियमचाच. हे खनिज प्रथम सापडले ते अमेरिकेतील ओरेगन राज्यात, १९६० नंतरच्या दशकात. आणि १९७३ मध्ये स्टेपल्स, एव्हान्स व लिंडसे या तिघांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्याबरोबर पेंटागोनाइट नावाचे त्याचे भावंडही उजेडात आले. दोहोंचे रासायनिक घटक तेच. अणूंची मांडणी मात्र भिन्न. ओरेगनचे नमुने अगदी बारीक होते. पुढे १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वाघोलीच्या खाणींतून शुभ्र स्टिल्बाइटच्या पाठीवर उमललेले निळे गोळे बाहेर येऊ लागले, आणि संग्राहकांच्या जगात एकच खळबळ उडाली. आज या खनिजाचे उत्तमोत्तम नमुने कोठले, या प्रश्नाला वाघोली हे एकच उत्तर आहे.

दगडाच्या पोटातील पोकळी

हे नवल येथेच का घडले, हे समजावयाचे तर आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणाकडे वळले पाहिजे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिम व मध्य भारतात जमिनीच्या भेगांतून लाव्ह्याचे प्रचंड लोट बाहेर पडले. एक थर थंड होतो न होतो तोच त्यावर दुसरा पसरला. अशा थरांची उतरंड आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे, आणि सह्याद्रीत तिची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. डोंगरांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात, म्हणून भूशास्त्रज्ञांनी स्वीडिश भाषेतील पायरीवाचक शब्द उचलून यास 'डेक्कन ट्रॅप' म्हटले. अजिंठा-वेरूळची लेणी याच पाषाणात कोरली गेली, रायगड-राजगड याच पाषाणावर उभे राहिले, आणि आपल्या काळ्या जमिनीचा जन्मही याच पाषाणाच्या झिजेतून झाला.

लाव्हा थंड होत असताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून राहतात. बुडबुडा लहान असला तर दगडास छिद्र पडते; मोठा असला, किंवा थरांच्या सांध्यात मोडतोड झालेला भाग असला, तर माणसाची मूठ, प्रसंगी सारा माणूस मावेल एवढी पोकळी राहते. या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपले. पाण्याने आजूबाजूच्या खडकातील कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिका विरघळवून आणली आणि पोकळीच्या भिंतींवर ती स्फटिकरूपाने हळूहळू बसविली. हे काम फार मोठ्या उष्णतेचे नव्हे. ते संथपणाचे आहे. ॲपोफायलाइट या खनिजाच्या वयाचे मापन झाले आहे, त्यावरून असे दिसते की, लाव्हा थंडावल्यानंतर कोट्यवधी वर्षांनीही ही स्फटिकनिर्मिती चालू होती. अशा पोकळ्यांत झिओलाइट या वर्गातील खनिजे मुबलक आढळतात. तापविले असता त्यांतील पाणी उकळल्यासारखे बाहेर पडते, म्हणून १७५६ मध्ये क्रॉन्स्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने त्यांस 'उकळणारा दगड' या अर्थाचे हे ग्रीक नाव दिले.

महाराष्ट्र हे या खनिजांचे माहेरघर आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. गुलाबी स्टिल्बाइट, शिंपल्यासारखी चमक असलेले ह्यूलंडाइट, सुयांच्या जुडग्यासारखे स्कोलेसाइट, कापसाच्या बोंडासारखे ओकेनाइट, काचेसारखे पारदर्शक ॲपोफायलाइट, अशी ही नामावळी लांबविता येईल. पुण्याच्या पाषाण परिसरातील हिरव्या ॲपोफायलाइटची कीर्ती तर जगभर आहे. दगडाचेच नाव धारण करणाऱ्या गावाने दगडातील असे सौंदर्य जगास द्यावे, हा योगायोग मोठा सुरेख आहे. नाशिक जिल्ह्यात पॉवेलाइट हे मॉलिब्डेनमयुक्त दुर्मिळ खनिज मिळाले. अतिनील प्रकाशात ते पिवळे उजळते. जळगाव, नाशिक, नगर या भागांत तर विहीर खोदताना स्फटिकांनी भरलेली पोकळी उघडी पडावी, हे शेतकऱ्यांना अपूर्वाईचे वाटत नाही.

नमुना कशास म्हणावे?

स्फटिक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिरे-माणके येतात. त्यामुळे एका मुद्द्याचा उलगडा अवश्य केला पाहिजे. कॅव्हन्साइट हे रत्न नव्हे. त्याची कठिनता तीन ते चार इतकीच असल्याने साध्या चाकूनेही त्यावर ओरखडा उठतो. त्यास पैलू पाडून अंगठीत बसविता येत नाही. सोन्याचांदीप्रमाणे ते वितळविता येत नाही, आणि ज्योतिषांच्या नवरत्नांत तर त्यास स्थानच नाही. मग त्यास मोल कशाचे? ते जसे निसर्गाने घडविले तसेच्या तसे, मोडतोड न होता हाती आले, याचे. स्फटिकांची टोके अभंग असावीत, निळा गोळा मूळच्या पांढऱ्या खनिजावर जसा उगवला तसाच असावा, आणि तो कोणत्या ठिकाणी, शक्य तर कोणत्या खाणीत मिळाला, याची विश्वसनीय नोंद सोबत असावी. या तीन गोष्टी जुळल्या म्हणजे दगड 'नमुना' या पदवीस पोचतो.

यांतील तिसरी गोष्ट शास्त्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची होय. ताम्रपट कोठे सापडला हे ठाऊक नसेल तर इतिहासकार जसा अडखळतो, तसाच स्थळाची नोंद नसलेला स्फटिक पाहून भूशास्त्रज्ञ अडखळतो. तो स्फटिक सुंदर असेल, पण लाव्ह्याच्या कोणत्या थरात, कोणत्या खनिजाच्या आधी वा नंतर तो तयार झाला, हे तो सांगू शकत नाही. बाजाराला मात्र ही अडचण जाणवत नाही. शंभर कोस दूरचा स्फटिक 'पूना' या एकाच नावाने खपविला जातो. निळा गोळा दुसऱ्याच खडकावर चिकटवून विकण्याचे प्रकारही जाणत्या संग्राहकांना परिचित आहेत. म्हणजे दगड देशाबाहेर जातो तो जातोच. त्याच्यासंबंधीचे ज्ञान तर येथेच, खाणीच्या धुळीत नष्ट होते.

पिकते तेथे विकत नाही

ही हानी आजची नाही. १८५० नंतरच्या दशकात बोरघाटातून आगगाडीचा मार्ग काढण्यासाठी डोंगर फोडले गेले, तेव्हा बाहेर आलेले स्फटिक इंग्रजांच्या दृष्टीस पडले आणि ते युरोपातील संग्रहांत जाऊन बसले. पुढे मुंबई वाढली. तिच्या बांधकामासाठी मालाड, कांदिवली, जोगेश्वरी या भागांतील खाणी खोदल्या गेल्या. त्यांतून प्रेहनाइट, गायरोलाइट, ओकेनाइट यांचे अप्रतिम नमुने निघाले. आणि मग त्याच शहराच्या वाढीत त्या खाणी बंद पडल्या वा बुजल्या. पाषाणच्या खाणींचीही तीच कथा. आता पाळी वाघोलीची आहे. खाण ही कधी ना कधी बंद होतेच, आणि तिच्यावर वसाहत उभी राहिली की आतील थर आपल्याला पुन्हा दिसावयाचा नाही.

याचा अर्थ आपल्याकडे या विषयाचे जाणते निपजलेच नाहीत, असा मात्र नव्हे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील प्रा. सुखेशवाला आणि त्यांचे सहकारी अवासिया व गंगोपाध्याय यांनी पश्चिम भारतातील झिओलाइट खनिजांचा अभ्यास करून १९७४ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा आधार पुढील संशोधकांनी वारंवार घेतला आहे. पुणे-मुंबईच्या महाविद्यालयांतील भूशास्त्राच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घाटाघाटांतून हिंडविले, विभागाच्या कपाटांत नमुने गोळा केले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात आज हे वैभव सर्वसामान्यांनाही पाहता येते. ते खासगी प्रयत्नाचे फळ आहे. उणीव आहे ती सार्वजनिक व्यवस्थेची. आपल्या भाषेत गारगोटी हा शब्द कवडीमोल वस्तूसाठीच वापरला जातो, आणि पिकते तेथे विकत नाही ही म्हण तर आपणच घडविली आहे. या प्रकरणी ती जितकी लागू पडते तितकी क्वचितच कोठे पडत असेल.

कायद्याची दृष्टी

कायदा या स्फटिकाकडे कसा पाहतो? १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमानुसार इमारतीचा दगड हे 'गौण खनिज' आहे, आणि त्याचे नियमन राज्य सरकारकडे सोपविलेले आहे. महाराष्ट्राने त्यासाठी २०१३ मध्ये सविस्तर नियमही केले. खाणमालकाने किती ब्रास दगड काढला आणि त्यापोटी किती स्वामित्वधन भरले, हा सरकारी नोंदवहीचा प्रमुख विषय. त्या ब्रासात एक पोकळी निघाली व तिच्यात जगात अन्यत्र न मिळणारे खनिज होते, ही बाब नोंदविण्याची सक्ती कोणावर नाही. प्राचीन मूर्ती देशाबाहेर नेण्यास १९७२ चा पुरावशेषविषयक कायदा आड येतो. पण तो कायदा मुख्यतः मानवी इतिहासाच्या वस्तूंचा आहे. साडेसहा कोटी वर्षांच्या इतिहासाला त्यात जागा नाही.

ही त्रुटी सरकारच्या ध्यानात आलीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळे व भूअवशेष यांच्या जतनासंबंधीच्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या अवलोकनार्थ प्रसिद्ध केला. भूशास्त्रीय महत्त्वाची स्थळे संरक्षित करावीत आणि खडक, खनिजे, जीवाश्म, अशनी यांसारख्या अवशेषांचे जतन व्हावे, हा त्यामागील हेतू स्तुत्य होता. तथापि सारे अधिकार एकाच केंद्रीय खात्याच्या हाती एकवटतील, अशी शंका काही अभ्यासकांनी त्याच वेळी बोलून दाखविली. ती शंका अनाठायी नव्हती. आधीच ज्या दगडाची ओळख खाणीवरील कोणास नाही, त्याच्याभोवती परवान्यांचे आणि तपासनिसांचे कुंपण उभारले, तर त्याचा परिणाम काय होईल, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नाही.

नोंद हवी, बंदी नको

येथे एक कटू सत्य मान्य केले पाहिजे. वाघोलीचा कॅव्हन्साइट आज जगात शिल्लक आहे, तो सरकारमुळे नव्हे, विद्यापीठांमुळेही नव्हे. व्यापाऱ्याने त्याचे मोल दिले म्हणून खाणीतील माणसाने हातोडा आवरता घेतला, म्हणून तो शिल्लक आहे. सुरुंगाने फुटलेल्या दगडाला खडीयंत्राची वाट मोकळी असते. त्या वाटेवर जाणारा दगड बाजूला ठेवावयाचा, तर थांबावे लागते, छिन्नीने जपून काम करावे लागते. आणि रोजंदारीवरील माणसाला थांबणे परवडत नाही. तेव्हा निर्यातीवर सरसकट बंदी घातली तर स्फटिक देशात राहतील, ही समजूत भाबडी आहे. ते राहतील खरे. पण रस्त्यांच्या डांबराखाली राहतील. खाणमालकाला तपासनिसाचे भय वाटू लागले, तर पोकळी उघडी पडताच ती दडपून टाकणे हाच त्यास सुरक्षित मार्ग वाटेल.

मग करावयाचे काय? आइसलँड हा आपल्यासारखाच बेसाल्टचा देश आहे. तेथील पारदर्शक कॅल्साइटच्या तुकड्यातून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, हे १६६९ मध्ये बार्थोलिन या डॅनिश विद्वानाने दाखविले आणि प्रकाशशास्त्राला नवी दिशा मिळाली. लाव्ह्याच्या पोकळीतला एक स्फटिक ज्ञानात किती भर घालू शकतो, याचा हा उत्तम दाखला आहे. तो कॅल्साइट जेथे मिळे ती हेल्गुस्तादिरची जुनी खाण, आणि झिओलाइटसाठी विख्यात असलेला टेगारहॉर्नचा किनारा, ही दोन्ही स्थळे त्या देशाने १९७५ मध्ये नैसर्गिक स्मारके म्हणून संरक्षित केली. स्वित्झर्लंडने दुसरा मार्ग चोखाळला. आल्प्समध्ये स्फटिक शोधणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या हा उद्योग करीत आले आहेत. उरीसारख्या कँटनात त्यांना परवाना घ्यावा लागतो, पण त्यांच्याकडे चोर म्हणून कोणी पाहत नाही.

या दोन्ही मार्गांतील ग्राह्य अंश घेऊन महाराष्ट्राला आपली व्यवस्था उभारता येईल. पहिली गोष्ट, नोंदीची. राज्याच्या भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालयाने खाणपट्ट्याच्या अटींत एवढीच भर घालावी की, असाधारण स्फटिक आढळल्यास स्थळ, खोली आणि छायाचित्र यांसह त्याची माहिती द्यावी. आणि माहिती देणाऱ्याचे काम त्यामुळे अडणार नाही, याची स्पष्ट हमी असावी. दुसरी गोष्ट, वाट्याची. दुर्मिळ नमुन्यांपैकी एखादा राज्यासाठी योग्य किंमत देऊन विकत घेण्याचा प्रथमाधिकार शासनाने ठेवावा. उरलेले खुशाल बाजारात जाऊ द्यावेत. फुकट मागितलेली वस्तू लपविली जाते, मोल देऊन मागितलेली दाखविली जाते. तिसरी गोष्ट, स्थळाची. वाघोलीतील एखाद्या बंद खाणीचा, जेथे हे थर स्पष्ट दिसतात असा एक कडा न बुजविता राखावा. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक म्हणून आपण राखलेच आहे. वाघोलीला तेवढे मोठे क्षेत्रही लागावयाचे नाही.

चौथी गोष्ट शाळेची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या विद्यार्थ्याला अग्निजन्य खडकाची व्याख्या पाठ असते. त्याच्या शाळेची भिंत, गावची विहीर, देवळाची पायरी त्याच खडकाची असते; परंतु त्या खडकाच्या पोटात काय दडले आहे, हे त्यास कोणी दाखवीत नाही. स्टिल्बाइट, ॲपोफायलाइट, स्कोलेसाइट यांचे साधे नमुने दुर्मिळ नाहीत, महागही नाहीत. प्रत्येक तालुक्यातील एका शाळेत वीस-पंचवीस नमुन्यांची पेटी आणि त्यांवर मराठीत लिहिलेल्या चिठ्ठ्या, एवढे करावयास कोणता मोठा खर्च येणार आहे? विहिरीत चमकणारा दगड दिसला तर तो फोडून पाहण्याऐवजी गुरुजींकडे आणावा, ही सवय एका पिढीस लागली, तर कायद्याला जे साधणार नाही ते सहज साधेल.

याउलट असा आक्षेप येईल की, ज्या राज्यात रस्ते आणि घरे अजून पुरी पडत नाहीत, तेथे खडीची चिंता करावयाची की दगडातील फुलांची? आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्यातील पर्याय खोटा आहे. स्फटिकांनी भरलेल्या पोकळ्या या एकूण दगडाच्या मानाने नगण्य असतात. त्या राखल्याने एकही रस्ता अडावयाचा नाही. शिवाय हा काही श्रीमंतांच्या छंदाचाच प्रश्न नाही. पोकळी प्रथम दृष्टीस पडते ती सुरुंगाचे भोक पाडणाऱ्या कामगाराला. ती जपून फोडण्याचे कसब त्याचेच. त्याच्या हातून निघालेला दगड परदेशातील प्रदर्शनात मानाच्या कपाटात बसतो, आणि मोबदल्याचा मोठा भाग मधल्या हातांत विरून जातो. त्या दगडाचे नाव आणि मोल त्या कामगाराला कळले, तर त्याला भाव करता येईल. ज्ञानाचा असा रोकड उपयोग फार थोड्या ठिकाणी दिसतो.

संग्राहकांविषयीही दोन शब्द न्यायाने लिहिले पाहिजेत. पुण्याच्या डॉ. दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा नित्याच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, आणि १९७५ मध्ये तो सारा संग्रह राज्याच्या स्वाधीन केला. ज्या वस्तू घराघरांतून मोडीत निघत होत्या, त्या आज महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासाची साधने ठरल्या आहेत. एका माणसाच्या छंदाने जे केले, ते स्फटिकांच्या बाबतीत का होऊ नये? मात्र छंदाला संस्थेचा आधार मिळाला तरच तो पुढच्या पिढीला पोचतो. नाही तर संग्राहकामागे संग्रहाची पांगापांग होते आणि चिठ्ठ्या हरवलेले दगड तेवढे उरतात.

कॅव्हन्साइटचा एखादा सर्वोत्तम नमुना परदेशातील संग्रहालयात आहे, याचे दुःख करण्याचे कारण नाही. तेथे तो निदान सुरक्षित आहे आणि आपल्या गावाचे नाव सांगतो आहे. दुःख याचे की, तो ज्या मातीतला, तेथील मुलास त्याचे नाव ठाऊक नाही. वाघोलीच्या खाणी अजून पुरत्या बुजलेल्या नाहीत. संचालनालय, विद्यापीठ आणि शाळा यांनी मनावर घेतले, तर या निळ्या स्फटिकाचे चार-सहा चांगले नमुने महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना आपल्याच जिल्ह्यात पाहता येतील. त्यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. खाणीवर जाणारा एक जाणता माणूस आणि एक नोंदवही एवढ्यावर आरंभ करता येईल.